चढ, फूग, उतार

जुलैत कोल्हापुरात दोन माणसं भेटली की आधी पाण्याची चौकशी होते. ‘पाणी किती?’ असं एक विचारतो, दुसरा राजाराम बंधाऱ्यावरची पातळी फुटांत सांगतो, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘चढाय लागलंय काय?’ पहिलं उत्तर आता मोबाइलवरही मिळतं. दुसरं मात्र माणसालाच विचारावं लागतं. इथल्या एका दैनिकात जिल्ह्याच्या पानावर उपसंपादक म्हणून मी बरीच वर्षं काम केलं. पुराच्या दिवसांत त्या कामातली सगळ्यात मोठी जोखीम क्रियापदाची असायची. पातळीचा आकडा बातमीदार पाठवायचा आणि तो बहुतेक वेळा बरोबरच असायचा. त्या आकड्यापुढे काय लिहायचं, हे मला ठरवायचं असे.

जिल्ह्याच्या पानावर येण्याआधी मी बाजारभावाचं पान बघत होते, आणि तिथे या गोष्टीकडे लक्ष द्यायची सवय लागली होती. दर वर गेला ही एकच घटना. पण मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला उभा असलेला शेतकरी म्हणतो, ‘यंदा दर जरा सुधारला.’ अडत्या म्हणतो, ‘भाव वधारला.’ पिशवी घेऊन मंडईत गेलेल्या बाईच्या तोंडी तोच भाव भडकलेला किंवा कडाडलेला असतो. तिघांचंही खरं असतं. ‘कांदा भडकला’ असा मथळा द्यायचा, तर कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात आपण काय बोललो, हे समजून द्यावा लागतो. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला सांगितलं होतं, ‘कुणाच्या बाजूला उभी राहून लिहितेस ते आधी ठरव, शब्द आपोआप येईल.’ हे मी नदीच्या बातम्यांना लावलं.

मराठीत वर जाण्याची किती तरी क्रियापदं आहेत, आणि एकाचं काम दुसरं करत नाही. ऊन चढतं, ताप चढतो, दवाखान्यात सलाईन चढवतात, मोटर लावून नदीचं पाणी टेकावरच्या उसाला चढवतात. भाकरी फुगते, ती कधी चढत नाही. दूध उतू जातं. समुद्राला भरती येते आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण. चढणाऱ्या गोष्टीला मागून जोर असतो, ती टप्प्याटप्प्याने वर येते आणि तिला उतारही असतो. फुगणारी गोष्ट आतून किंवा खालून भरते, वाट बंद झाल्यामुळे मोठी होते. नदीकाठच्या माणसाला हा फरक कुणी शिकवलेला नसतो. तो त्याच्या जिवाशी निगडित असल्यामुळे त्याच्या बोलण्यात आपोआप येतो.

भोगावती, कासारी, कुंभी आणि तुळशी या चार नद्या आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते. प्रयाग चिखलीला संगम होतो, मग ती शहराला वळसा घालून कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरून पुढे जाते आणि शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. राजाराम बंधारा कोल्हापूर पद्धतीचा. पावसाळ्याच्या तोंडावर त्याचे पाणी अडवणारे बरगे काढून ठेवतात. इथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. दरवर्षीची पहिली ठरलेली बातमी ‘राजाराम बंधारा पाण्याखाली’ ही. दुसरी ‘पंचगंगा पात्राबाहेर’. तिच्यापासून खरी काळजी सुरू होते. नदी काठाच्या आत असते तोवर पाणी भराभर चढतं, कारण त्याला पसरायला जागा नसते. पात्राबाहेर पडलं की ते शेतांतून, ओढ्यांतून पसरतं आणि फुटांतली वाढ मंदावते. नुसता आकडा बघणाऱ्याला वाटतं जोर कमी झाला. चिखली-आंबेवाडीच्या माणसाला ठाऊक असतं की पाणी आता आडवं चाललंय आणि थोड्याच वेळात रस्ता जाणार. म्हणून ‘वाढीचा वेग मंदावला’ एवढंच वाक्य लिहून मी कधी पान सोडलं नाही. त्याच्या शेजारी पाणी कुठल्या शेतात, कुठल्या रस्त्यावर शिरलं, ते लिहायचं, हा माझा नियम होता.

दुसरा नियम फुगीचा.

चढाचं पाणी वरून येतं. घाटमाथ्यावर पाऊस झाला, धरणातून विसर्ग सुटला, की ते येतं. त्याला रंग असतो, आवाज असतो. गढूळ तांबडं पाणी, त्यावर फेस, पाचट, काटक्या, एखादं उन्मळलेलं झाड. फुगीचं पाणी खालून येतं. पुढे कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला तिच्यात शिरायला वाट मिळत नाही आणि मागचं पाणी जागच्या जागी फुगायला लागतं. शहरात हेच जयंती नाल्यातून होतं. नदीची पातळी वर गेली की नाल्याचं पाणी पुढे जायचं थांबतं, मग उलटं वळतं आणि सुतारवाडा, दसरा चौकाच्या मागचा भाग, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशा ठिकाणी शिरतं. नदी घाटाच्या बाजूला आणि पाणी मागच्या दाराने घरात, असा प्रकार होतो. फुगीला आवाज नसतो. गटारीच्या झाकणातून आधी बुडबुडे येतात, मग जाळीवर काळं पाणी दिसतं आणि बघता बघता ते चौकात येतं. पंचगंगा घाटावर रोज येणारे एक काका पायरीवर बसून पाण्यात पाचटाची काडी टाकायचे. काडी सरळ गेली तर ‘चढ हाय, पण वाट हाय.’ काडी जागीच घुटमळली, किंवा अंमळ मागं आली, तर उठून चालायला लागायचे. ‘फूग धरली’ एवढंच म्हणायचे. त्यांचं घर गंगावेशीकडे होतं आणि ते घरी जाऊन आधी धान्याचे डबे वर ठेवायचे.

घाटाच्या बाजूला पायऱ्यांवरून सांगतात. ‘दोन पायऱ्या चढलं’, ‘देवळाच्या ओट्याला लागलं’, ‘गायकवाड वाड्यापर्यंत आलं’, ‘जामदार क्लबला लागलं’. हे ‘लागणं’ फार नेमकं क्रियापद आहे. पाणी उंबऱ्याला लागतं, भिंतीला लागतं. त्या क्षणापर्यंत ते नदीचं असतं, लागल्यावर ते आपल्या घराचं होतं. आत शिरल्यावर मोजमाप अंगावर येतं: घोट्याएवढं, गुडघ्याएवढं, कमरेएवढं, छातीएवढं, मग ‘डोक्यावरून गेलं’. शेतात उसावरून मोजतात. ऊस पाण्यात उभा राहिला तर तो एवढ्यातेवढ्याने मरत नाही. पोंग्यात गाळाचं पाणी गेलं की मात्र शेंडा कुजतो आणि पीक हातचं जातं. म्हणून शिरोळकडचा शेतकरी फोनवर पहिलं वाक्य बोलायचा ते ‘पोंग्यात गेलं’ किंवा ‘अजून पोंग्यात न्हाई’. पाणी किती फूट, हे तो सांगायचाच नाही. बातमीदाराने अशी बातमी ‘उसाचे पीक पाण्याखाली’ म्हणून पाठवली तर मी त्याला परत फोन लावायचे. पाण्याखाली म्हणजे कुठवर? बुडख्याला की पोंग्याला? त्या एका शब्दावर एका घराचं वर्ष ठरतं.

कुंभार गल्लीतली गोष्ट मला सविस्तर सांगितली पाहिजे. पूर येतो तो जुलै-ऑगस्टात, आणि तेव्हा त्या गल्लीत घराघरांत गणपती उभे असतात. काही नुसते साच्यातून काढलेले, काही पॉलिश झालेले, काहींना रंगाचा पहिला हात बसलेला. वर्षाची कमाई त्या फळ्यांवर असते. एकदा पाणी वाढत असताना मी तिथे गेले होते. एका घरात नवरा-बायको, म्हातारे वडील आणि दोन मुलगे फळीवरच्या मूर्ती माळ्यावर घेत होते. लहान मूर्ती हातोहात वर जात होत्या. मंडळांच्या मोठ्या मूर्तींचा प्रश्न होता. त्या दोघा-तिघांशिवाय हलत नाहीत, आणि अर्धवट वाळलेल्या असल्या तर हलवताना हाताचा सांधा किंवा कान तडकतो. त्या खाली ठेवल्या तर भिजून जायच्या, आणि उगाच हलवल्या तर तडकून जायच्या. त्यामुळे हलवायचं तर एकदाच, आणि तेही गरज असेल तरच.

घरातल्या बाईंनी मला विचारलं, ‘ताई, फुटाचं ऱ्हावू दे. चढ हाय का फूग हाय, तेवढं सांगा.’

त्या असं का विचारतात, हे मला तिथेच समजलं. चढ असेल आणि वर पाऊस थांबला असेल, तर रात्रीत पाणी थबकायची आशा असते. मोठ्या मूर्तींखाली विटांचे दोन थर देऊन भागतं. फूग असेल तर इथे पाऊस थांबून काही उपयोग नाही. खाली कृष्णा उतरल्याशिवाय हे पाणी जाणार नाही, मग मूर्ती गल्लीतून बाहेर काढून उंचावरच्या नातेवाइकाकडे न्यायला टेम्पो बघायला हवा. फुटाचा आकडा दोन्ही वेळा एकच असू शकतो. त्या घराला हवं होतं ते पाणी कुठून येतंय हे. मी कार्यालयात फोन करून सांगली आणि नृसिंहवाडीकडची स्थिती विचारली. तिकडेही वाढ होती. ‘फूग आहे,’ मी म्हटलं. म्हाताऱ्या आजोबांनी हातातली मूर्ती खाली ठेवली आणि धाकट्याला म्हणाले, ‘टेम्पोवाल्याला लाव फोन.’ त्या संध्याकाळी पानावरच्या बातमीत मी फूग हा शब्द मथळ्यात घेतला. रात्रपाळीच्या एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं, हा बोलीतला शब्द आहे, ‘फुगवटा’ लिहा. फुगवटा हा अभियंत्यांचा शब्द आहे, चांगलाच आहे. पण ज्यांना मूर्ती हलवायच्या होत्या त्यांच्या तोंडी फूग होता. मथळा तसाच राहिला.

वाडीला याच पाण्याचं वेगळं रूप दिसतं. नृसिंहवाडीचं दत्त मंदिर कृष्णेच्या काठावर, अगदी खालच्या अंगाला आहे. पाणी चढलं की ते मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला लांबलांबून भाविक येतात. पाणी वाढताना होतो तो ‘चढता दक्षिणद्वार’ आणि पूर ओसरताना होतो तो ‘उतरता दक्षिणद्वार’. बातमी लिहिताना यातला कोणता, हे लिहिलंच पाहिजे. वाडीचा माणूस ‘चढता’ ऐकतो तेव्हा त्याला स्नानाचा योग कळतो, आणि दुकान आवरायचं, हेही कळतं. कारण त्याच्या पुढची पायरी उत्सवमूर्ती वर नारायणस्वामी मंदिरात नेण्याची असते, आणि मग पाणी पेठेत येतं. श्रद्धा आणि सावधगिरी एकाच विशेषणात मावलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. हा शब्द ज्यांनी रूढ केला त्यांना नदी फार जवळून माहीत होती.

२०१९ च्या ऑगस्टात मात्र आमच्याकडचे सगळे शब्द अपुरे पडले. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ, जिथे ४५ फूट ही धोका पातळी आहे, तिथे ते ५७ फुटांच्या वर होतं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. पाणी उपसणारी केंद्रंच पाण्यात गेल्यामुळे शहरात नळ कोरडे झाले. ज्या भागांत पाणी येतच नाही असं लोक छातीठोकपणे सांगायचे तिथे नावा आल्या. फोनवरची माणसं चढ, फूग काही म्हणत नव्हती. ‘आलं’ एवढंच म्हणत होती. ‘ताई, आमच्यात आलं.’

त्या दिवसांत पत्रकं येत होती, आणि त्यांच्या भाषेबद्दल मला जे वाटलं ते अजूनही तितकंच तीव्रतेने वाटतं. ‘पाणीपातळीत वाढ होण्याची शक्यता आहे.’ ‘विसर्गात वाढ करण्यात आली आहे.’ ‘नागरिकांनी सतर्क राहावे.’ यातल्या कुठल्याच वाक्यात पाणी कुठून कुठे चाललंय हे नाही. वाढ होते, वाढ करण्यात येते, पण चढत कुणीच नाही आणि लागत कुठेच नाही. क्युसेकचंही तेच. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. राधानगरीच्या एका स्वयंचलित दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. हा आकडा धरणावरच्या माणसाला सगळं सांगतो. सुतारवाड्यातल्या आजीला तो काही सांगत नाही. तिला हवं असतं ते असं: राधानगरीचे किती दरवाजे उघडले, ते पाणी शहराजवळ साधारण कधी येईल, आणि आलं तर तिच्या घराला लागेल का. पत्रकातला आकडा तसाच ठेवून त्याच्यापुढे हे वाक्य जोडणं, हे मी पत्रकारितेतलं मूळ काम मानते. त्यासाठी जलसंपदाच्या माणसाला पुन्हा फोन करावा लागतो, घाटावरच्या माणसाला विचारावं लागतं. पान सोडायची घाई असली तरी तेवढा वेळ काढावा लागतो.

राधानगरीवरून आठवलं. तिथल्या सात स्वयंचलित दरवाजांबद्दल ‘दरवाजा उघडण्यात आला’ असं लिहून आलं की मी ते ‘उघडला’ असं करत असे. तलाव भरला की ते दरवाजे पाण्याच्या दाबाने आपले आप उघडतात. त्यासाठी कुणाच्या आदेशाची गरज नसते. कोयनेचे वक्र दरवाजे मात्र माणसं ठरवून उचलतात, तिथे ‘उचलले’. पूर ओसरल्यावर पाणी कुणी सोडलं, कधी सोडलं, वेळेत का सोडलं नाही, याचे वाद होतात. त्या वादात वर्तमानपत्राचं कात्रण पुरावा म्हणून दाखवतात. आपोआप झालं ते आणि कुणी केलं ते, यातला फरक कात्रणात दिसला पाहिजे.

हे सांभाळणं अलीकडे अवघड झालं आहे, कारण फूग हा शब्द आता मोर्चात गेला आहे. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटर आहे आणि ती ५२४ मीटरच्या वर नेण्याचा कर्नाटकाचा आग्रह आहे. कोल्हापूर-सांगलीच्या लोकांचं म्हणणं असं की अलमट्टीच्या पाण्यामुळे कृष्णेला फूग येते आणि आमची गावं बुडतात. राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचं मुख्य कारण अलमट्टी असल्याचं मान्य केलं नाही, आणि लोकांना ते पटलं नाही. मी या वादात अभियंता म्हणून काही बोलू शकत नाही. शब्दांबद्दल बोलू शकते. घाटावरच्या काकांनी काडी टाकून पाहिलेली फूग आणि ध्वनिक्षेपकावरून घोषणेत आलेली फूग, या दोन वेगळ्या बातम्या आहेत. पहिलीत कुणी, कुठे, कधी पाहिलं हे असतं. दुसरीत ती कुणामुळे आली, याचा आरोप असतो. आरोप छापायला माझी हरकत नाही, तो लोकांचा हक्क आहे. पण तो आरोप म्हणूनच, ज्याने केला त्याच्या नावानिशी छापावा. नाही तर उद्या नुसतं ‘फूग आहे’ असं लिहिलं तरी वाचणारा आधी पक्ष बघेल आणि मूर्ती नंतर हलवेल.

उताराचे शब्द त्यामानाने थोडे आहेत: ओसरणं, उतरणं, ‘उतार पडला’. पुराचा उतार फार सावकाश असतो, इंचाइंचाने जातो, आणि अनुभवी माणूस पहिल्या उताराला भुलत नाही. कुंभार गल्लीत पाणी गल्लीच्या बाहेर गेलं तरी मूर्ती लगेच खाली आणत नाहीत. वर घाटात पुन्हा ढग भरले आहेत का आणि वाडीकडे कृष्णा उतरते आहे का, या दोन्ही बाजूंची खबर आल्यावरच माळ्याला शिडी लागते. आमच्या पानावरच्या पुराच्या चौकटीत म्हणून मी शेवटी एक ओळ कायमची ठेवली होती. पातळी, विसर्ग, बंद रस्ते हे सगळं वर, आणि खाली ‘वाडीत काय’ अशा नावाची ती ओळ. जागा कमी पडली की तीच आधी काढा, असा सल्ला मला वारंवार मिळायचा. काढली नाही. नव्या मुलांकडे पान सोपवताना त्यांना चौकट समजावून सांगितली आणि ही ओळ रोज संध्याकाळी वाडीला फोन करूनच भरायची, पत्रकातून उचलायची नाही, असं बजावून सांगितलं. पाणी चढतंय, थांबलंय, फुगलंय की उतरतंय, यातला एक शब्द पलीकडच्या माणसाच्या तोंडून ऐकायचा आणि तोच लिहायचा.